बेरीज की गुणाकार? कर्जाच्या चिठ्ठीतली श्रेढी

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर दहावीतली एक मुलगी माझ्यापाशी थांबली. हातात वहीतून फाडलेला कागद. मला वाटलं गृहपाठ असेल. कागदावर पेनाने खाली खाली पाच आकडे लिहिले होते:

२०,०००
२१,०००
२२,०५०
२३,१५२
२४,३१०

ती म्हणाली, "मिस, तुम्ही सांगितलं होतं ना, अंकगणिती श्रेढीत दोन पदांतला फरक नेहमी सारखा असतो? मी वजाबाकी केली. पहिला फरक १,००० आला, दुसरा १,०५०, तिसरा १,१०२. माझं काय चुकतंय?"

मी म्हटलं, "हे उदाहरण कोणत्या पुस्तकातलं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "पुस्तकातलं नाही. अब्बूंचं आहे."

तिच्या अब्बूंनी ओळखीतल्या एका माणसाकडून वीस हजार रुपये उचलले होते, महिन्याला शेकडा पाचने. ठरलं असं की महिन्याचं व्याज दिलं नाही तर ते मुद्दलात मिळवायचं. घरात सगळ्यांचा हिशेब सोपा होता: वीस हजारांवर महिन्याला एक हजार, वर्षाचे बारा हजार, म्हणजे वर्षाने बत्तीस हजार द्यायचे. दोन-तीन वर्षांत जमेल तसं फेडू. बत्तीसचे चव्वेचाळीस होतील, फार तर छप्पन्न. जड आहे, पण डोक्यात बसतं.

मुलीचं काहीही चुकलं नव्हतं. चूक घरातल्या हिशेबात होती, आणि ती पकडणारी घरातली पहिली माणूस हीच पंधरा वर्षांची पोर होती. तिच्या आईच्या परवानगीने हे लिहिते आहे, नाव लिहीत नाही. हा धडा फक्त दहावीच्या मुलांसाठी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पालकांनीही कागद-पेन घेऊन बसावं ही विनंती.

दोन प्रकारची वाढ

ठरावीक नियमाने एकापाठोपाठ एक येणाऱ्या संख्या म्हणजे क्रमिका. या नियमांपैकी दोन सगळ्यांत जास्त कामाचे आहेत.

पहिला नियम बेरजेचा. आपलं खापा हातमागाचं गाव. समजा एक विणकर रोज चार मीटर कापड विणतो. एकूण कापड होईल ४, ८, १२, १६, २०. दर वेळी चारच मिळवायचे. ही अंकगणिती श्रेढी, उर्दूत 'हिसाबी'. दर वेळी जी संख्या मिळवतो तो सामान्य फरक. पुस्तकात त्याला डी म्हणतात, मी इथे 'फ' लिहिते.

दुसरा नियम गुणाकाराचा. व्हॉट्सॲपवर एक अफवा आली आणि प्रत्येकाने ती नव्या तिघांना पाठवली. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, मग एक्याऐंशी. इथे फरक काढाल तर २, ६, १८, ५४ येतील, सारखे नाहीत. पण पुढच्या संख्येला मागच्या संख्येने भागलं की दर वेळी तीनच येतात. ही भूमितीय श्रेढी, उर्दूत 'हंदसी'. जिने गुणतो ते सामान्य गुणोत्तर, त्याला 'ग' म्हणू.

सातवी-आठवीत आपण हेच दुसऱ्या नावाने शिकलेलो असतो. सरळव्याजाने वाढणारी रक्कम ही अंकगणिती श्रेढी आणि चक्रवाढ व्याजाने वाढणारी रक्कम ही भूमितीय श्रेढी. दोन धडे दोन वर्गांत असतात, त्यामुळे मुलांच्या डोक्यात ते जोडलेच जात नाहीत.

तीन आकड्यांची परीक्षा

कोणतीही यादी हातात आली की सलग तीन आकडे घ्या आणि दोन प्रश्न विचारा.

एक: मधल्या आकड्याची दुप्पट ही दोन टोकांच्या बेरजेइतकी आहे का? असेल तर अंकगणिती.

दोन: मधल्या आकड्याचा वर्ग हा दोन टोकांच्या गुणाकाराइतका आहे का? असेल तर भूमितीय.

आता ती चिठ्ठी तपासू. पहिले तीन आकडे २०,०००, २१,००० आणि २२,०५०.

मधल्याची दुप्पट ४२,०००. टोकांची बेरीज ४२,०५०. जमलं नाही. फक्त पन्नास रुपयांनी जमलं नाही!

मधल्याचा वर्ग ४४ कोटी १० लाख. टोकांचा गुणाकार २०,००० × २२,०५०, तोही ४४ कोटी १० लाख. तंतोतंत.

म्हणजे ही भूमितीय श्रेढी. २१,००० ला २०,००० ने भागा, १.०५ येतात. २२,०५० ला २१,००० ने भागा, तेच. चौथा आकडा खरा २३,१५२.५० आहे, लिहिणाऱ्याने पैसे सोडून दिले, इतकंच.

ते पन्नास रुपये लक्षात ठेवा. सुरुवातीला दोन्ही श्रेढ्या इतक्या जवळून चालतात की डोळ्यांना फरक दिसत नाही. माणूस तिथेच फसतो.

श्रेढी हा शब्द आला कुठून?

मुलं विचारतात, हे असलं कोणी शोधलं? बाहेरच्यांनी? मी सांगते, जरा चाळीसगावकडे बघा.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त श्रेढीवर स्वतंत्र प्रकरण आहे. हा शब्द आपल्या पुस्तकांत जुन्या काळापासून चालत आला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात, त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच खानदेशात हे गणित शिकवण्याची सोय होती. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 'लीलावती'चं फारसीत भाषांतर केलं.

त्या पुस्तकातली दोन उदाहरणं दानाची आहेत. पहिला दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो आणि रोज ५ वाढवत जातो. पंधरा दिवसांत किती? पंधराव्या दिवशीचे ४ + (१४ × ५) = ७४. पहिला आणि शेवटचा मिळून ७८, त्याचे निम्मे ३९, गुणिले १५. उत्तर ५८५ द्रम्म. अंकगणिती श्रेढीची बेरीज काढायची हीच रीत आजही आहे: पहिलं आणि शेवटचं पद मिळवा, निम्मं करा, पदांच्या संख्येने गुणा.

दुसरा दाता गरीब वाटतो. पहिल्या दिवशी फक्त दोन कवड्या. पण तो रोज दुप्पट करतो. महिनाभरात? २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे १,२८० कवड्यांचा एक द्रम्म. हिशेब करा, १६ लाख ७७ हजार ७२१ द्रम्म होतात आणि वर काही कवड्या उरतात. पहिल्या दात्यालाही पूर्ण महिनाभर देऊ दिलं असतं तरी तो २,२९५ द्रम्मांवर थांबला असता. चार द्रम्मांनी सुरू करणारा मागे राहिला, दोन कवड्यांवाला कुठल्या कुठे गेला.

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, चार, आठ, असे चौसष्ट घरं. इसवी सन १००० च्या आसपास अल-बिरूनीने हा हिशेब 'अल-आसारुल बाकिया' या ग्रंथात मांडला आहे. उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मुलांनी हे चौसष्ट वेळा गुणून काढू नये. दोनाचा वर्ग ४, चाराचा १६, सोळाचा २५६. असा सहा वेळा वर्ग केला की उत्तराहून फक्त एकाने मोठी संख्या मिळते. सुट्टीत करून बघा.

दोन्ही श्रेढ्या एकाच गणितात

पुढच्या वर्गात गेल्यावर मुलांना असे प्रश्न येतात ज्यात दोन्ही श्रेढ्या एकत्र असतात. पालक म्हणतात, हे आमच्या वेळी नव्हतं. घाबरू नका. मी वर्गासाठी बनवलेलं एक गणित देते.

तीन भावंडांच्या गल्ल्यात मिळून ६० नाणी आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत ती अंकगणिती श्रेढीत आहेत. नानीने पहिल्याला २, दुसऱ्याला ४ आणि तिसऱ्याला १८ नाणी दिली. आता तिघांची नाणी भूमितीय श्रेढीत आली. प्रत्येकाकडे आधी किती होती? (मोठ्यालाच एवढी का, असं विचारू नका. गणितातल्या नानी अशाच असतात.)

पहिली युक्ती: तीन पदं अंकगणिती श्रेढीत असतील तर मधल्यापासून सुरू करा. मधलं पद 'म' धरलं तर पहिलं म − फ, तिसरं म + फ. तिघांची बेरीज केली की फ आपोआप कटतो आणि ३म उरतं. ३म = ६०, म्हणून म = २०. अर्धं गणित इथेच संपलं.

आता नाणी आहेत २० − फ, २० आणि २० + फ.

नानीने दिल्यानंतर:
पहिला: २० − फ + २ = २२ − फ
दुसरा: २० + ४ = २४
तिसरा: २० + फ + १८ = ३८ + फ

हे भूमितीय श्रेढीत आहेत, म्हणून आपली दुसरी परीक्षा लावा. टोकांचा गुणाकार बरोबर मधल्याचा वर्ग:

(२२ − फ) × (३८ + फ) = ५७६

कंस सोडवा: ८३६ − १६फ − फ² = ५७६

सगळं एका बाजूला आणा: फ² + १६फ − २६० = ०

आता अशा दोन संख्या हव्यात ज्यांचा गुणाकार २६० आणि फरक १६. त्या २६ आणि १०.

(फ + २६) × (फ − १०) = ०

म्हणून फ = १० किंवा फ = −२६.

फ = १० घेतलं तर आधीची नाणी १०, २०, ३०. नानीनंतर १२, २४, ४८. दर वेळी दुप्पट. बरोबर.

फ = −२६ घेतलं तर आधीची नाणी ४६, २०, −६. नुसतं गणित बघाल तर हेही खरं आहे, कारण नानीनंतर ४८, २४, १२ येतात, दर वेळी निम्मे. पण कोणाच्या गल्ल्यात उणे सहा नाणी असतील का? म्हणून हे उत्तर सोडून द्यायचं, आणि का सोडलं हे एका ओळीत लिहायचं. मुलं ही ओळ लिहीत नाहीत. फक्त 'संख्या' विचारल्या असत्या तर मात्र दोन्ही उत्तरं द्यावी लागली असती. प्रश्न कशाबद्दल आहे ते शेवटी पुन्हा वाचायचं ते यासाठी.

घटणारी श्रेढीही असते

भूमितीय श्रेढी नेहमी फुगतेच असं नाही. समजा कोणाकडे एक लाख रुपये नुसते पडून आहेत, त्यात नवीन काही येत नाही, आणि दरवर्षी त्यातूनच अडीच टक्के जकात निघते. पहिल्या वर्षी २,५०० गेले, उरले ९७,५००. दुसऱ्या वर्षी पुन्हा २,५००? नाही. आता अडीच टक्के ९७,५०० चे, म्हणजे २,४३७.५०. उरले ९५,०६२.५०. इथे ग = ०.९७५ आहे. रक्कम कमी होत जाते तसा जाणारा हिस्साही कमी होतो. वर्गात निम्मी मुलं इथे दरवर्षी अडीच हजारच वजा करतात. 'टक्के' हा शब्द दिसला आणि तो प्रत्येक वेळी नव्या रकमेवर लागत असेल, तर समजायचं की हा गुणाकाराचा मामला आहे.

आता त्या चिठ्ठीचं पुढे काय?

मी त्या मुलीला सांगितलं, हे पुढे नेऊन बघ. नियम असा:

अंकगणिती श्रेढीत हवं ते पद = पहिलं पद + (पदाचा क्रमांक − १) × फ.

भूमितीय श्रेढीत पहिल्या पदाला ग ने गुणत जायचं, पदाच्या क्रमांकापेक्षा एक वेळ कमी.

इथे एक नेहमीची चूक होते. २०,००० हे पहिलं पद आहे, तेव्हा एकही महिना झालेला नाही. एक वर्ष पूर्ण होतं तेव्हा आपण तेराव्या पदावर असतो, म्हणजे बारा वेळा गुणायचं. परीक्षेत या एका आकड्यापायी गुण जातात, व्यवहारात पैसे.

तिने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बसून काढलं. आधी घरातला बेरजेचा अंदाज, मग खरा आकडा:

एक वर्षाने: ३२,००० ऐवजी ३५,९१७
दोन वर्षांनी: ४४,००० ऐवजी ६४,५०२
तीन वर्षांनी: ५६,००० ऐवजी १,१५,८३६

दुसऱ्या महिन्यात पन्नास रुपयांचा असलेला फरक तीन वर्षांत जवळपास साठ हजारांचा झाला. दर तोच, शेकडा पाच.

कॅल्क्युलेटर नसेल तर एक ढोबळ युक्ती आहे. चक्रवाढीत रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो हे पाहायचं असेल तर ७२ ला दराने भागा. ७२ भागिले ५ म्हणजे साधारण साडेचौदा महिने. प्रत्यक्षात पंधराव्या महिन्यात रक्कम दुपटीच्या वर जाते. सरळव्याजाने तिला वीस महिने लागले असते. 'दामदुपट' हा मराठीतला जुना शब्द आहे. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, हा त्या रिवाजाचा अर्थ. आपल्या पूर्वजांना गुणाकाराची भीती ठाऊक होती. सूरह आले इमरानच्या १३० व्या आयतीत व्याजाची मनाई करताना पटीवर पट वाढण्याचाच उल्लेख आहे. व्याजापासून दूर राहावं हे आपण सगळे जाणतो. पण दवाखाना, फी, लग्न, काहीतरी अडतं आणि माणूस उचलून बसतो. त्याला टोमणे मारून काही होत नाही. त्याच्या शेजारी बसून हिशेब मांडला तर होतं.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

घरी काय झालं

दुसऱ्या दिवशी मुलगी अब्बूंना घेऊन आली. ते उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, पोरगी म्हणते लाखाच्या वर जातील. असं कसं होईल? दर तर पाचच आहे." मी काही बोलले नाही. तिलाच फळ्यावर मांडायला लावलं. तिने तीन आकडे लिहिले, मधल्याचा वर्ग केला, टोकांचा गुणाकार केला. मग छत्तिसाव्या महिन्याचा आकडा लिहिला. ते बाकावर बसले.

त्या दिवशी देणं होतं २४,३१०. तिच्या अम्मीची मोहल्ल्यात भिशी आहे. बारा बाया, महिन्याला दोन-दोन हजार, मिळून २४,०००. बिनव्याजी. अम्मीचा नंबर नवव्या महिन्यात होता. तिने बायांना खरं कारण सांगितलं. ज्या बाईचा नंबर होता तिने तो सोडला. वरचे ३१० घरातून टाकले आणि त्याच आठवड्यात ती चिठ्ठी फाडली गेली.

कर्जाच्या नवव्या महिन्यापर्यंत थांबले असते तर? त्या मुलीने तेही काढलं: ३१,०२७. भिशी तेव्हाही चोवीस हजारच देणार होती.

भिशीत अम्मीने भरायचे आकडे असे आहेत: २,०००, ४,०००, ६,०००, ८,०००. मी वर्गात हे लिहिलं आणि विचारलं, कोणती श्रेढी? सगळ्यांच्या आधी तिचाच हात वर होता.

तुमच्याही घरात कुठेतरी अशी चिठ्ठी असेल. कर्जाची, हप्त्यांची, दुकानाच्या उधारीची. आज रात्री काढा, मुलांना जवळ बसवा आणि सलग तीन आकडे तपासा. वाढ बेरजेने होते आहे की गुणाकाराने, एवढं कळलं तरी पुरे. बाकीचं गणित मुलं करतील.